मुलीला समुद्रतळाच्या गोगलगायींवर काम करायचंय, नीटचा क्लास सोडायचा का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्सला, ग्रुप पीसीबी, जळगावला नीटचा क्लास लावलाय, फी पण भरून झाली, आणि आता ती म्हणते डॉक्टर नाही व्हायचं, समुद्राच्या तळाशी जिथून उकळतं पाणी बाहेर पडतं तिथल्या नव्या नव्या गोगलगायी शोधायच्या. आजीने तर सरळ विचारलं, "आते काय गोगलगाया गोया कराले जाशी का?" आणि तुमचे प्रश्न असे की हे खरंच करिअर आहे का, पोट भरेल का, पोरीला जहाजावर घेतात का, आणि यावल तालुक्यात केळीच्या बागेत वाढलेल्या मुलीने सुरुवात तरी कुठून करायची.

पहिलं सांगतो, हे खरं काम आहे आणि त्यात माणसं कमी आहेत. तुमच्या मुलीने बहुतेक त्या लोखंडी खवल्यांच्या गोगलगायीचा व्हिडिओ पाहिलाय, पत्रात तुम्ही लोखंडाचा उल्लेख केलाय त्यावरून वाटतं. तिला स्केली-फूट म्हणतात, शास्त्रीय नाव क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. आपल्याच हिंदी महासागरात, कैरेई नावाच्या व्हेंटपाशी (व्हेंट म्हणजे तेच, तळातून उकळतं पाणी बाहेर पडायची जागा), साधारण अडीच किलोमीटर खोल, २००१ मध्ये ती पहिल्यांदा सापडली. पायावर खवले, त्यावर लोखंड आणि गंधकाचा थर, आणि खाणं म्हणाल तर तिच्या अन्ननलिकेजवळच्या ग्रंथीत राहणारे बॅक्टेरियाच तिला अन्न पुरवतात, सूर्यप्रकाशाचा संबंधच नाही. पण जगापुढे तिचं रीतसर नाव आणि वर्णन कधी आलं? २०१५ मध्ये! म्हणजे प्राणी हातात आल्यावर चौदा वर्षांनी. आता ह्यात तुमच्या मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, ती तिला नीट समजावून सांगा, की समुद्रातून नमुना वर आणणं हा कामाचा छोटा भाग आहे, खरा वेळ जातो तो टेबलावर, मायक्रोस्कोपखाली, ही प्रजात नवीनच आहे हे सिद्ध करण्यात.

ते टेबलावरचं काम कसं असतं ते सांगतो, कारण व्हिडिओत ते दिसत नाही. गोगलगायीच्या तोंडात एक बारीक पट्टी असते, रॅड्युला म्हणतात, तिच्यावर ओळीने दात. तो तोंडाचा भाग कापून काढायचा, मांस विरघळेल अशा रसायनात ठेवायचा, मग जी पट्टी शिल्लक राहते ती काही मिलिमीटरची, ती सुईच्या टोकाने उलगडून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली न्यायची आणि एका ओळीत दात किती, मधला दात कसा, कडेचे कसे, हे बघून आधीच्या प्रजातींच्या वर्णनाशी ताडून पाहायचं. शंख, झाकण, आतले अवयव हेही तसंच. त्यावर डीएनए. एवढं करूनही फसगत होते, कारण ह्याच स्केली-फूटचे सॉलिटेअर नावाच्या दुसऱ्या व्हेंटवरचे नमुने पांढरे निघाले, खवल्यांवर लोखंड नाही, बघणाऱ्याला वाटेल ही वेगळीच जात, पण प्रजात तीच. शेवटी एक नमुना कायमचा म्युझियममध्ये जपून ठेवायचा, त्याला होलोटाइप म्हणतात, उद्या कुणाला शंका आली तर तो काढून बघता येतो. तासन् तास एका जागी बसून हे करायला जिला कंटाळा येत नाही तिचं हे क्षेत्र. मुलीला हा भाग वाचून दाखवा आणि तिचा चेहरा बघा, मला वाटतं तुम्हाला बरंचसं उत्तर तिथेच मिळेल.

आता पोरींचं. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ पहिल्यांदा असे व्हेंट सापडले तेव्हा त्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ कुणीच नव्हतं, सगळा भूगर्भवाल्यांचा कारभार, नमुने टिकवायला फॉर्मॅलिन पुरेना म्हणून रशियन व्होडका वापरली. तिथून पुढे १९९० मध्ये सिंडी ली व्हॅन डोव्हर ही बाई, आणि ती जीवशास्त्रज्ञ, त्याच मोहिमेतल्या अल्विन नावाच्या पाणबुडीची पायलट झाली. आपल्याकडे अदिती पंत, नागपूरच्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या, १९८३ च्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या, सोबत सुदीप्ता सेनगुप्ता, पहिल्या भारतीय स्त्रिया त्या दोघीच. त्यामुळे 'मुलीला घेतील का' ही काळजी मनातून काढा. जहाजावर आठवडेच्या आठवडे जातात, फोन लागेलच असं नाही, ते मात्र तुम्हा दोघांना झेपलं पाहिजे.

काम भारतात आहे का? आहे, आणि वाढतंय. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला, हिंदी महासागरातल्या ह्याच व्हेंटच्या पट्ट्यात १०,००० चौरस किलोमीटरवर धातूंचा शोध घ्यायला. करार असा की धातू शोधताना तिथे काय काय जगतंय ह्याचीही नोंद ठेवायची, आणि ती नोंद ठेवायला प्राणी ओळखणारं माणूस लागतं. स्केली-फूटला २०१९ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत टाकलं ते खाणकामाच्या भीतीनेच. मला स्वतःला हे फार मनावर घ्यावंसं वाटतं, की जिचं नाव कुठे नोंदलेलंच नाही ती प्रजात संपली तरी कुणाला कळणार नाही, म्हणून ह्या कामात आपली खान्देशची पोरगी असेल तर मला खरंच आनंद होईल. २०२१ ला डीप ओशन मिशन मंजूर झालं, त्यात तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी मत्स्य ६००० पाणबुडी चेन्नईची एनआयओटी, म्हणजे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था, बनवतेय. शिवाय गोव्यात ध्रुवीय आणि समुद्र संशोधनाची एनसीपीओआर, कोचीत समुद्री जीवांवर काम करणारी सीएमएलआरई, देशातल्या प्राण्यांची नोंद ठेवणारी कोलकात्याची झूलॉजिकल सर्वे आणि तिचं पुण्यातलं केंद्र, अशा सरकारी संस्था आहेत.

पैशाचंही सांगतो. कायम नोकऱ्या थोड्या, जाहिराती कधीमधी निघतात, आणि पीएचडी होईस्तोवर वय अठ्ठावीस-तीस होतं. पण एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट ही देशपातळीची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं, म्हणजे पीएचडीच्या काळात घरून पैसे मागायची वेळ येत नाही. नाहीच जमलं तर तेच नेट प्राध्यापकीला चालतं.

रस्ता सांगायचा तर दोन आहेत. एक, आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षणाच्या संस्था, त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा, पण त्यात गणिताचेही प्रश्न असतात आणि पीसीबीवाल्यांना तिथेच फटका बसतो, तरी द्यायला हरकत नाही. दुसरा साधा, आपल्याच भागात बीएस्सी झूलॉजी, मग एमएस्सी मरीन सायन्स किंवा मरीन बायोलॉजी, गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट विद्यापीठ, नाहीतर तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं केंद्र. मला दुसरा रस्ता अजिबात कमी वाटत नाही, खर्चही बेताचा. नीटचा क्लास मधेच सोडू नका, बायोलॉजीचा तोच अभ्यास कामी येतो, परीक्षाही देऊ दे, फक्त रिपीटचं वर्ष तिच्यावर लादू नका ही माझी विनंती.

आणि समुद्र नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. हतनूरचं बॅकवॉटर आहे, तापी आहे, तुमचा पाटाचा कालवा आहे, गोगलगायी आणि शिंपले तिथेही आहेतच. बेलामिया म्हणून एक गोगलगाय आपल्या गोड्या पाण्यात सर्रास असते, ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, शंखासकट! महिन्यातून एखाद्या रविवारी एकाच जागी जायचं, कोणत्या किती दिसल्या, पाणी किती, शेवाळ की चिखल, वहीत तारखेसकट लिहायचं, शंखाचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढायचे. एकटीने पाण्यात उतरायचं नाही, आणि हात साबणाने धुवायचे, ह्या गोगलगायींमधून गुराढोरांना होणाऱ्या कृमींचा प्रसार होतो.

बारावीची परीक्षा झाली की ती वही घेऊन जवळच्या कॉलेजच्या झूलॉजीच्या सरांना किंवा मॅडमना भेटवा, मायक्रोस्कोप बघायला मागा, बहुतेक लोक आनंदाने दाखवतात. आणि पुढचं पत्र तिला लिहायला सांगा, तुम्ही नको, तिच्या वहीतली पहिली दोन-तीन पानं फोटो काढून सोबत जोडली तर मला नेमकं सांगता येईल.