तांब्या, कांदा आणि चौथी सीट

*आम्ही भांडुपला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. कॉलेज नावापुरतं, बाकी सगळं क्लासमध्ये. दोन वर्षांची फी भरून झाली आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने मैत्रिणीकडून एक इंग्रजी कादंबरी आणली. त्यातली मुलगी गणितात नापास होते, मग चित्रकलेच्या एक वयस्कर बाई तिला हेरतात आणि शेवटी तिच्या चित्राला मोठं बक्षीस मिळतं. तेव्हापासून घरात ‘माझ्यातही काहीतरी आहे, मला जेजे स्कूल ऑफ आर्टला जायचंय’ हेच चाललंय. आम्ही 1,800 रुपयांचं रंगाचं सामान आणून दिलं, त्यात स्केचबुकची तीन पानं भरली. आठवीत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बी ग्रेड होती, इंटरमिजिएट दिलीच नाही. अभ्यास टाकून फिजिक्सच्या जर्नलमध्ये त्या कादंबरीचा शेवट बदलून नऊ पानं लिहून ठेवली आहेत (थोडं उतरवून पाठवते, म्हणजे कल्पना येईल). पुस्तक दडवून ठेवू का? आणि कलेत पोट भरतं का? — एक आई (पत्र थोडक्यात)*

नमस्कार ताई,

पुस्तक दडवू नका. दडवलेलं पुस्तक पोरं शोधून काढतातच, आणि हे तर मैत्रिणीचं आहे, परत करायचंय.

फी, जेजे, पुस्तक, मिस्टरांचा राग यावर तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कंसात टाकलीत. तक्रार म्हणून उतरवलेल्या त्या ओळी मी तिथेच थांबून पुन्हा वाचल्या. मूळ कादंबरीतलं गाव परदेशातलं, तिथलं सभागृह झुंबरांचं. तुमच्या लेकीने ती मुलगी उचलून भांडुपच्या स्लो लोकलमध्ये आणून उभी केली. जुलैचा पाऊस, लेडीज डबा, हातात चित्राची गुंडाळी आणि शेजारणीच्या छत्रीचं पाणी नेमकं त्या कागदावर टपकतंय. मग चौथ्या सीटवरची, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकलेली बाई म्हणते, “ए बाळा, दे तो कागद माझ्या मांडीवर, भिजतोय तो. पण मी सायनला उतरणारेय हं.”

ही बाई त्या कादंबरीत नाही, असणं शक्यही नाही. ती तुमच्या लेकीने रोजच्या गाडीत पाहिली, ऐकली आणि साठवून ठेवली. मदत तर करायची, पण सायनपर्यंतच, हा आपल्या लोकलचा स्वभाव तिने दोन वाक्यांत पकडलाय. सोळा-सतराव्या वर्षी हे जमणं सोपं नाही.

आता स्केचबुक बघा. सामान हाताशी, घरच्यांची परवानगी, आणि पानं भरली तीन. जर्नलमध्ये मात्र कुणी सांगितलेलं नसताना, ओरडा बसेल हे माहीत असताना नऊ. मुलांना काय हवंय हे त्यांच्या तोंडून ऐकावं, पण हात कुठे जातो तेही बघावं. कादंबरीतली मुलगी चित्र काढते म्हणून हिला वाटलं की आपल्या आत जे काही आहे ते चित्रच असणार. अस्वस्थता तिची स्वतःची आहे, ब्रश मात्र त्या दुसऱ्या मुलीचा उसना घेतलाय.

अशा कादंबऱ्यांवर माझा राग नाही, एक तक्रार तेवढी आहे. बाई मुलीला हेरतात ते एक प्रकरण आणि बक्षीस मिळतं ते पुढचं. मधले सहा महिने, रोज तीच बादली, तोच स्टूल, पुन्हा पुन्हा चुकणारी लंबवर्तुळं, हे दोन ओळींत उरकतात. वाचणाऱ्या मुलाला वाटतं, आतलं एकदा सापडलं की झालं. मीही यात चुकलेय. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या वहीतली चित्रं बघून मी हरखून गेले आणि त्याला कलाशाखेचा रस्ता दाखवला. तो रोज काढतो का, हे विचारलंच नाही. वर्षभरात तो परत माझ्यासमोर बसला होता, आणि त्याची आई माझ्याकडे बघतही नव्हती.

म्हणून जेजेला नकार देऊ नका, परीक्षा समोर ठेवा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासूनचं आहे, आणि तिथे नुसत्या आवडीवर दार उघडत नाही. आपल्या राज्यात बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, सीईटी ही प्रवेशपरीक्षा देतात, त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं. तेव्हा स्वयंपाकघरातला तांब्या, एक कांदा आणि चुरगळलेला नॅपकिन टेबलावर मांडा. तासभर बसून काढायला सांगा, दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, असे पंधरा दिवस. मागे लागू नका, आठवणही करू नका. सोळाव्या दिवशी ती स्वतःहून तांब्या मांडत असेल तर मला कळवा, मी माझे शब्द मागे घेईन आणि आपण चांगला क्लास शोधू. मला वाटतं चौथ्या दिवशी कांदा भाजीत जाईल.

सायन्सचं म्हणाल तर आत्ता मधेच सोडायची घाई नको. बीएफए, बीए, मास मीडिया यांना बारावी कुठल्याही शाखेची चालते. पवईच्या आयआयटीतल्या बीडेससाठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, युसीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तीही सगळ्या शाखांना खुली आहे. म्हणजे बारावी सायन्स केल्याने यातलं एकही दार बंद होत नाही. आणि अकरावी पास होऊन सायन्स नकोसंच झालं, तर बारावीला आर्ट्सला जाता येतं. त्याची रीत कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेवा. उलट दिशेने असं येता येत नाही. क्लासची फी गेली ती गेली. ती वसूल करायला मुलीची आणखी दोन वर्षं घालू नका, एवढंच मिस्टरांना माझ्या वतीने सांगा.

आता पोटाचा प्रश्न. नुसत्या कथा-कादंबऱ्यांवर मराठीत घर चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. पण मुंबईत लिहिणाऱ्याला इतर कामं आहेत. रात्री तुम्ही जी मालिका बघता तिची नावं एकदा नीट वाचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. “पण मी सायनला उतरणारेय हं” हे संवाद लिहिणाऱ्याचं वाक्य आहे. जाहिरातींत, नाटकात, आता मोबाइलवर ऐकायच्या गोष्टींतही अशी माणसं लागतात. पैसा अनियमित येतो, पहिली काही वर्षं घरचा आधार लागतो आणि मालिका बंद पडली की कामही बंद पडतं. हे तिला आत्ताच सांगा, गोड करून नको.

या लोकांची शाळा बहुतेकदा एकांकिका असते. पदवीसाठी कॉलेज निवडताना कटऑफइतकंच तिथलं नाट्यमंडळ जिवंत आहे का ते बघा. तिथे मुलगी लिहील, तालमीत नट तिची वाक्यं तोंडात घोळवून म्हणतील “हे बोलवत नाही गं”, आणि ती रात्री बसून बदलेल. कादंबरीत दोन ओळींत उरकलेले ते सहा महिने हेच. तिला जमलं तर चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा दाखवा. वर्षभरातल्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका 25 जानेवारीच्या रात्री तिथे एकमेकींशी भिडतात. तिच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी मुलं स्टेजवर दिसतील. पुढे खरंच गोडी टिकली तर पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवतात, पण त्याला पदवी लागते, म्हणजे तो विचार निवांत करता येईल.

तोवर एक करा. 200 पानी वही आणून द्या आणि ती काय लिहिते ते विचारल्याशिवाय वाचू नका. जर्नल वाचलंत ते ठीक, तिथे फिजिक्स असेल असं तुम्हाला वाटलं होतं. जेजेबद्दल तिच्याशी वाद घालण्यापेक्षा त्या लेडीज डब्याबद्दल बोला. बाई खरी होती का, कुठे चढली होती, असं काहीही.

आणि जर्नल सर्टिफाय करायला जायच्या आधी त्या नऊ पानांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या. तुम्ही उतरवलेला भाग कुर्ल्यापाशी तुटलाय. सायनला ती बाई उतरल्यावर कागदाचं काय झालं, ते तिची परवानगी घेऊन मला कळवा.