मॅनेजरने छळ केला, तर कंपनीवर केस करावी का, की गुपचूप राजीनामा देऊन मोकळं व्हावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: हिंजवडीत खासगी नोकरी, मॅनेजरचे रात्री-अपरात्री मेसेज, जुलैच्या पहिल्या आठवड्यात टीम आउटिंगला त्याने केलेली अंगचटी, तुम्ही झिडकारलंत, आणि आता सप्टेंबरात अप्रेझलमध्ये रेटिंग घसरलं. एचआर म्हणते ‘बसून मिटवू’. नवरा म्हणतो सोडून दे, दुसरी नोकरी मिळेल. आणि तुम्ही विचारताय, कोर्टात जाऊ का?

मी वकील नाही. एका महिला संस्थेत काम करते आणि संस्थेतर्फे काही कंपन्यांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर (लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या) बाहेरची सदस्य म्हणून बसते. तिथलं कुणाचंही प्रकरण बाहेर सांगायला कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे खाली कुठल्याही एका बाईची हकीकत शोधू नका. सगळीकडे पुन्हा पुन्हा दिसतं तेवढंच लिहितेय.

कोर्टाचं राहू द्या, आधी कॅलेंडर काढा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार (ऑफिसात ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात तो) लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते तिला पटलं तर. म्हणजे तुमची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतेय. रेटिंग सप्टेंबरात घसरलं म्हणजे मुदत तिथून मोजतील, या भरवशावर कृपा करून राहू नका. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध केलेली तक्रार नेमकी इथेच अडकली. शेवटची छळाची घटना एप्रिल २०२३ मधली, तक्रार डिसेंबरात. मधल्या काळात तिला एका पदावरून काढलं होतं, पण ती वेगळी प्रशासकीय कारवाई आहे असं धरून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तक्रार मुदतबाह्यच ठरवली. मला हा निकाल पटत नाही, कारण झिडकारल्यानंतरचा सूड हा छळाचाच पुढचा भाग असतो. पण माझ्या न पटण्याने तुमची मुदत वाढणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. कोर्टात जायचं की नाही, हे आज ठरवूच नका. आज फक्त समितीकडे तक्रार द्यायची की नाही एवढंच ठरवा, आणि ती द्या. समितीकडे गेलात म्हणून पोलिसांत जाता येत नाही असं मुळीच नाही. उलट तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे कंपनीचं कायदेशीर कर्तव्य आहे. तक्रारच दिली नाहीत, तर मात्र पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न येतो, ‘मग तेव्हा का नाही बोललात?’

‘कंपनीवर केस’ म्हणजे काय होतं, याबद्दलच्या आपल्या कल्पना बऱ्याचशा अमेरिकन मालिकांमधून आल्यात. कंपनीला कोर्टात खेचायचं आणि कोट्यवधींची भरपाई घ्यायची, असं आपल्याकडे सहसा घडत नाही. या कायद्यात भरपाई आहे, पण ती समिती सुचवते, ती छळ करणाऱ्याच्या पगारातून कापता येते, आणि रक्कम ठरवताना तुमचा मनस्ताप, बुडालेली संधी, औषधपाण्याचा खर्च यांच्याबरोबर त्याची ऐपतही बघतात. कंपनीने समितीच नेमली नसेल तर दंड ५० हजार रुपयांपर्यंत. तुमच्या त्या आउटिंगचं हॉटेलचं बिल याहून जास्त झालं असेल! फौजदारी बाजू भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये येते: नकोसा स्पर्श किंवा शरीरसुखाची मागणी असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, लैंगिक शेरेबाजीला एक वर्षापर्यंत. तुमची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. पण कोर्टातली चाल कशी असते तेही माहीत असू द्या. रूपन देओल बजाज या तेव्हा आयएएस अधिकारी होत्या. पंजाबचे तेव्हाचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी त्यांच्याशी गैरवर्तन केलं १९८८ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने गिल यांना दोषी ठरवणारा निकाल कायम केला तो २००५ मध्ये. तक्रारदार स्वतः एवढ्या मोठ्या पदावर असताना ही गत.

त्या मानाने समितीची चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. लांबते, खोटं कशाला सांगू. पण वर्षानुवर्षं नाही.

आता तक्रार कशी लिहायची, कारण खरा फरक तिथे पडतो. आमच्यासमोर येणारे स्क्रीनशॉट बहुतेकदा अर्धवट कापलेले असतात. त्याचा ‘अजून जागी आहेस?’ दिसतो, पण तारीख दिसत नाही, आणि वर नंबराऐवजी तुम्ही सेव्ह केलेलं ‘टकल्या’ असं नाव. मग समोरचा शांतपणे म्हणतो, हा मी नव्हेच. तेव्हा नंबर आणि तारखेसकट आख्खी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका, फॉरमॅट मारू नका. आणि तुमची स्वतःची उत्तरं डिलीट करू नका. ‘ओके सर, गुड नाइट’ आणि पुढे हसरा चेहरा, हे तुम्हीही कधीतरी पाठवलं असेल. बॉसला सगळ्याच पाठवतात. नेमका तोच हसरा चेहरा तो रंगीत प्रिंट काढून समितीपुढे ठेवणार. म्हणून तुम्हीच आधी लिहा: माझं अप्रेझल यांच्या हातात होतं, तोडून बोलायची भीती वाटत होती. अशी कबुली आधीच आली की त्या प्रिंटला फारसा अर्थ उरत नाही.

आउटिंगच्या प्रसंगाला कुणी साक्षीदार नाही म्हणून खचू नका. त्या रात्री बहिणीला फोन केलात का? मैत्रिणीला ‘आज फार घाण प्रकार झाला’ एवढा मेसेज तरी? ते जोडा. समितीला फौजदारी कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणाचं म्हणणं जास्त संभाव्य वाटतं ते बघायचं असतं. आणि सिद्ध झालं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. खोटेपणाची कारवाई करायची तर तुमचा दुष्ट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो. एचआरने या कलमाची भीती घातली तर बिनधास्त म्हणा, तसं लेखी द्या.

घसरलेलं रेटिंगही त्याच तक्रारीत लिहा, वेगळा विषय म्हणून सोडू नका. त्याचबरोबर अंतरिम मागणी करा: चौकशी होईपर्यंत माझ्या कामाचं मूल्यमापन या माणसाकडे नको, दुसऱ्याकडे द्या. नियमांत तशी सोय आहे. बदलीही मागता येते, किंवा हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा. फक्त हे सगळं लेखी मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही.

‘बसून मिटवू’चं काय? समेट कायद्यात आहे, पण तुम्ही मागितला तरच, समितीमार्फत, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर नाही. एकदा समेट झाला की चौकशी होत नाही, हे एचआर सांगायला विसरते. तेव्हा केबिनमध्ये चहा घेता घेता कशावरही सही करू नका.

राजीनामा आधी अजिबात देऊ नका. नोकरी सोडल्यावरही मुदतीत तक्रार करता येते, पण तेव्हा मूल्यमापन कुणाकडे द्यायचं हा प्रश्नच राहत नाही आणि कंपनीचा रसही संपतो. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही, तब्येत ढासळत असेल तर जरूर सोडा. पण तक्रारीची पोच हातात घेऊन सोडा.

त्रास होणार, हेही सांगते. समितीत बहुतेक जण त्याच कंपनीचे पगारदार असतात. काल जेवायला सोबत असणाऱ्या दोघीतिघी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जातील. ‘मी सगळं पाहिलंय’ म्हणणारा साक्षीदार ऐनवेळी सुट्टीवर जाईल. घरी रोज तेच बोलणं होईल. समितीचा निष्कर्ष विरोधात गेला तर अपिलाला ९० दिवस असतात. कोर्ट, कामगार कायदे, भरपाई हा विचार खरा तेव्हा करायचा. तेव्हा तुमच्या हातात नोंदवलेले जबाब आणि अहवाल असतील. आज नुसता संताप आहे.

समितीतल्या सदस्यांची नावं ऑफिसात दिसतील अशी लावलेली असायला हवीत. नसतील तर एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको. समितीच नाही असं निघालं तर केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर तक्रार नोंदवा. नियमांत तक्रारीच्या सहा प्रती मागितल्यात, तेवढ्या काढा आणि मेलही करा, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही. समितीपुढे वकिलाला तुमच्या वतीने उभं राहता येत नाही, पण मसुदा त्याला दाखवायला कुणी अडवलेलं नाही. एक बैठकीची फी देऊन या आठवड्यात तेवढं करून घ्या.