सासूबाईंचे गुडघे, मुलाचा मोबाइल आणि जुन्नरचे तीन दिवस

प्रश्न : डिसेंबरअखेरीस जुन्नरजवळ शेतातलं एक घर तीन दिवसांसाठी घेतलंय. आम्ही पाच जण आहोत. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलगा १३ वर्षांचा, कायम मोबाइलमध्ये. मुलगी ६ वर्षांची. यांनी शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज अशी यादी केलीय. सासूबाई म्हणतात, "मी घरीच थांबते, तुम्ही जाऊन या." मला ते पटत नाही. काय करावं?
– एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, आधी ती यादी निम्मी करा. माझं माहेर ओतूरचं. काही वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या हौसेपायी मी एकाच दिवसात ओझर, लेण्याद्री आणि शिवनेरी उरकलं. लेण्याद्रीला आणि शिवनेरीला आई खाली गाडीतच बसून राहिली. रात्री जेवताना तिनं विचारलं, "वर काय काय होतं गं?" ते मला अजून टोचतं. म्हणून रोज सकाळी एकच ठिकाण आणि दुपारी मुक्कामावर परत, एवढं धरून चला.

पहिला दिवस सासूबाईंचा. ओझरचा विघ्नहर कुकडीच्या काठी आहे, चढ नाही. दर्शन झालं की घाटावर निवांत बसा. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, पण डोलीत बसायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. शिवनेरी तुमचे यजमान आणि मुलगा भल्या पहाटे निघून करतील. सात दरवाजे, शिवाईचं देऊळ, १६३० सालचं शिवजन्मस्थान सावकाश बघूनही उन्हाच्या आत खाली येता येतं. माळशेज या खेपेला सोडा. तो पावसाळ्यातच बघावा.

मुलासाठी खोडदची रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण. नारायणगावपासून जवळ आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यातल्या १४ एका चौकोनात दाटीनं, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, ती पुण्यातूनच काढून ठेवा. मुलाला जवळून एक गोष्ट दाखवा : तबकडी सलग पत्र्याची नाही, तारांची जाळी आहे, तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. वारा आरपार जातो म्हणून एवढा मोठा सांगाडा हलका ठेवता आला, आणि रेडिओलहरी लांब असल्यामुळे जाळीतून निसटत नाहीत. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. मोबाइलच्या लहरींचा या कामाला अडथळा होतो. तो बंद ठेवायचं कारण मुलाला दुर्बिणीपाशीच कळू द्या. आईनं सांगण्यापेक्षा ते जास्त पटेल.

तिसऱ्या सकाळी नाणेघाट. जुन्नरहून तास-सव्वा तास. गाडी वरच्या पठारापर्यंत जाते. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. कोकणातल्या बंदरांवरून येणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकत, असं सांगतात. सासूबाई तिथं बसतील, फक्त शाल द्या, वारा फार असतो. गुहा थोडं खाली उतरून आहे. आतल्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली नुसती पावलं उरलीत. मुलीला ती पावलं शोधायला लावा. माझी भाची तिच्याएवढीच होती तेव्हा त्या पावलांशेजारी स्वतःचा पाय लावून उभी राहिली होती.

दुपारी मुलांना बांधावर न्या. या दिवसांत कांद्याची लागण चालू असते. बाया वाफ्यात वाकून ज्या वेगानं रोपं लावतात ते बघण्यासारखं असतं. मालकांना विचारून मुलीच्या हातात चार रोपं द्या.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. जुन्नर बिबट्यांचा तालुका आहे, त्यांचा मुक्काम उसात असतो. तोडणी चालू असली की ते जागा बदलतात. दिवस मावळायच्या आत मुलं घरात हवीत. अंधारात अंगणात जायचं तर मोठ्या माणसासोबत, बॅटरी घेऊन, बोलत बोलत. उसाच्या कडेला मुलीला एकटीला खेळू देऊ नका, दिवसासुद्धा. तुमच्या घराला कुंपण आहे का, अंगणात रात्रभर दिवा राहतो का, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

संध्याकाळ मग चुलीपाशी जाईल. मालकीणबाईंना मासवडी करायला सांगा आणि सासूबाईंना पाटावर शेजारी बसवा. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, वर तीळ-खोबरं-लसणाचं सारण पसरतात, फडक्यासकट गुंडाळी करून तिला माशासारखा तीन कडांचा आकार देतात. पीठ गरम असतानाच हात चालवावा लागतो. सासूबाईंचे हात या कामात तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असणार. वड्या कापायला मुलीला बसवा. फक्त निरोप आदल्या दिवशीच द्या, तीळ भाजून कुटायला वेळ लागतो.