इमारत कोसळल्यावर ढिगारा यंत्रांनी भराभर का उपसत नाहीत?

तुम्ही विचारलंय की पोकलेन, जेसीबी हाताशी असताना बचाव पथकं तास न् तास का घालवतात. महाडला लोक हेच आम्हाला ओरडून विचारत होते.

२४ ऑगस्ट २०२० ला संध्याकाळी सातच्या सुमारास काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. मी याच तालुक्यातला, पुरात आणि दरीत दोर घेऊन उतरणाऱ्या पोरांपैकी. घरोघरी गणपती बसलेले, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. इमारत हलतेय हे कळून बरेच जण धावत बाहेर पडले, म्हणून वाचले. सुरुवातीला जे हाताला लागले त्यांना शेजारपाजारच्या लोकांनीच ओढून काढलं. एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पुण्याहून आल्या, पण घाट उतरून यायला वेळ हा लागतोच.

आता तुमचा प्रश्न. अशी इमारत बसते तेव्हा स्लॅब भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक येतात. मधे कुठे तुटका पिलर, कुठे कपाट, कुठे जिन्याचा तुकडा अडकतो आणि तेवढ्यापुरती पोकळी राहते. माणूस जिवंत असला तर त्या पोकळीतच. पोकलेनने एका टोकाला स्लॅब उचलला की दुसरं टोक खाली दबतं, आणि तिकडे कोण आहे हे वरून दिसत नाही. म्हणून आधी लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्यायचा, सळ्या कापायच्या, स्लॅबला भोक पाडून कॅमेरा आत सोडायचा. यंत्र लागतंच, पण कुठे लावायचं हे ठरल्यावर.

त्याहून अवघड म्हणजे शांतता. मधेच सगळं थांबवतात. यंत्रं बंद, जनरेटर बंद, कुणी बोलायचं नाही. कुणीतरी खाली तोंड करून हाक मारतो, ठोकतो, आणि बाकीचे कान देऊन उभे राहतात. बाहेर दोरीपलीकडे ज्यांची माणसं आत आहेत त्यांना वाटतं, काम थांबलं, हे हातावर हात धरून बसलेत. त्या बायाबापड्यांची तगमग बघत गप्प उभं राहणं मला आजही आठवतं. खरं तर सगळ्यात उपयोगी माहिती त्यांच्याकडूनच मिळते. कितवा मजला, जिन्याच्या कुठल्या हाताला दार, या वेळेला आजी कुठे बसायची, मुलं कुठल्या खोलीत खेळायची. त्यावरून कुठे खणायचं ते ठरतं.

माणूस सापडल्यावरसुद्धा घाई नाही. पाय बराच वेळ वजनाखाली चेंगरलेला असेल तर दाब सुटल्याबरोबर तिथलं विष रक्तात पसरतं, हृदय बंद पडू शकतं. त्यामुळे शक्य असेल तर आतच सलाइन सुरू करतात आणि मगच स्लॅब उचलतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साधारण १९ तासांनी, चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला. लोकांनी केलेला तो जल्लोष मी विसरणार नाही. रात्री एक वयस्क बाई २६ तासांनी निघाली. पहिल्या रात्रीच सरसकट पोकलेन फिरवला असता तर हे दोघं हाती लागले असते असं मला वाटत नाही. १६ जण मात्र गेले.

राग कशाचा येतो, तर इमारत जुनी नव्हती याचा. स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची सक्ती तीस वर्षांपुढच्या इमारतींना, म्हणजे ही त्यात आलीच नसती. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेतल्या लोकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला, पण तो इमारत पडल्यावर. तुमच्या इमारतीत पिलरला भेगा वाढत असतील, सळ्या उघड्या पडल्या असतील, दारं अचानक चौकटीत अडकायला लागली असतील तर इमारत नवी आहे म्हणून गप्प बसू नका. कुटुंब घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांची दारं वाजवा, आणि अर्ज-विनंत्या बाहेर आल्यावर करा.