पोपडा नेमका कुठून सुटतो?

प्रश्न : जेट इंजिनातल्या पात्यांवर उष्णतारोधक सिरॅमिकचा लेप असतो आणि तो प्रचंड उष्णतेत निकामी होतो, असं वाचलं. सिरॅमिक तर भट्टीतही टिकतं. मग हा लेप वितळतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हा लेप झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचा असतो. झिर्कोनिया वितळायला सुमारे २७०० अंश सेल्सिअस लागतात आणि इंजिनातला वायू तितका तापत नाही. अशा लेपांच्या चाचण्या करण्यात माझी २१ वर्षं गेली. त्यात वितळलेला नमुना मी एकदाही पाहिला नाही. सगळ्यांचे पोपडे सुटले होते, आणि तेही बहुतेक वेळा भट्टीतून बाहेर काढल्यावर.

चाचणी अशी : रुपयाएवढी निकेलच्या मिश्रधातूची चकती घ्यायची, त्यावर ॲल्युमिनियम असलेला ‘बाँड कोट’ (धातू आणि सिरॅमिक यांना जोडणारा थर) आणि वर यट्रिया (यट्रियम धातूचं ऑक्साइड) मिसळलेल्या झिर्कोनियाचा जेमतेम पाव मिलिमीटर थर. तासभर ११०० अंशांत ठेवायची, पंख्याखाली गार करायची, पुन्हा आत. असे शेकडो फेरे.

खरी गोष्ट घडते ती वरच्या थराखाली. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजन सहज आरपार जातो. मोटारीच्या एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर याच गुणावर चालतो. हा ऑक्सिजन बाँड कोटमधल्या ॲल्युमिनियमला गाठतो आणि तिथे ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. सुरुवातीला तो धातूचं रक्षणच करतो. पण प्रत्येक फेऱ्यात तो थोडा जाड होतो. पाच-सहा मायक्रॉनपर्यंत गेला की मी त्या नमुन्यावर डोळा ठेवायची.

कारण गार होताना धातू सर्वांत जास्त आकसतो, झिर्कोनिया त्याहून कमी आणि ॲल्युमिना सर्वांत कमी. मधला पापुद्रा चिमटीत सापडतो. पोस्टकार्ड दोन्ही कडांनी दाबलं की मधून फुगतं, तसाच तो फुगू पाहतो. कुठे बारीक चीर असेल तिथून जोड सुटतो आणि वरचा झिर्कोनिया त्याच्याबरोबर निघून येतो. म्हणजे झिर्कोनिया स्वतः धडधाकट असतो, दगा त्याच्या पायाशी होतो.

माझ्या पहिल्याच वर्षीची, जुलैमधली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी भट्टीतून काढलेला नमुना भिंगाखाली पाहिला, एकही चीर नाही. नोंद केली आणि टेबलावर ठेवून घरी गेले. सोमवारी आले तर चकती उघडी आणि भोवती पांढऱ्या कपच्या! मला वाटलं, कुणीतरी पाडला. वरिष्ठांनी तसाच दुसरा नमुना घेतला आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. बघता बघता पोपडा उचलला गेला. दाबाखाली असलेला जोड हवेतल्या आर्द्रतेनेही सुटतो. त्यानंतर आम्ही नमुने सिलिका जेल घातलेल्या बंद भांड्यात ठेवू लागलो.

दुसरा शत्रू म्हणजे धूळ, आणि त्याची मला जास्त धास्ती वाटते. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. लंडनहून मुंबई, क्वालालंपूरमार्गे ते पर्थकडे चाललं होतं. राख इंजिनात वितळून चिकटली आणि चारही इंजिनं बंद पडली. विमान खाली येत असताना इंजिनं गार झाली, गोठलेली राख तडकून निघाली, इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्त्याला सुखरूप उतरलं.

वाळू आणि राख साधारण १२०० अंशांच्या पुढे वितळून काचेसारखी होतात. आजच्या पात्यांच्या पृष्ठभागाचं तापमान तिथवर पोचू शकतं. पात्यावरचा लेप उभ्या, सुट्या खांबांचा असतो. मधल्या फटींमुळेच तो धातूबरोबर ताणला जातो. काच नेमकी त्या फटींत झिरपते आणि गार होताना गोठते. सुटे खांब एकसंध, ताठ होतात. शिवाय झिर्कोनियाचं स्फटिकरूप टिकवून धरणारा यट्रिया ही काच ओढून घेते. मग गार होताना झिर्कोनियाचं स्फटिकरूप बदलतं, तो सुमारे चार टक्के फुगतो आणि तडकतो.

यावर गॅडोलिनियम झिर्कोनेट हे दुसरं सिरॅमिक वापरतात. ते काचेशी चटकन अभिक्रिया करून नवे स्फटिक बनवतं आणि काचेची वाट वरच बुजवतं. मात्र ॲल्युमिनाशी त्याचं पटत नाही, त्याच्याशीही ते अभिक्रिया करतं. म्हणून त्याच्याखाली अजून जुन्या झिर्कोनियाचाच थर द्यावा लागतो.