वाचकांचे प्रश्न : तुटवड्याची बातमी आणि औषधाची बातमी

प्रश्न : एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या साथीत, रेमडेसिव्हिर मिळवण्यासाठी आम्ही शेजारचे जिल्हेही पालथे घातले. त्या दिवसांत या इंजेक्शनच्या तुटवड्याची बातमी रोज पहिल्या पानावर असे. या औषधाने प्राण वाचतात असे सिद्ध झालेले नव्हते, हे पुढे कळले. मग वृत्तपत्रांनी आमची दिशाभूल केली असे म्हणावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जाणूनबुजून दिशाभूल केली असे म्हणता येणार नाही, परंतु बातमी अर्धीच दिली गेली, आणि उरलेली अर्धी तेव्हा सहज मिळण्यासारखी होती, म्हणून हा दोष किरकोळ मानता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीचे अंतरिम निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्येच जाहीर झाले होते. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या मृत्यूंचे प्रमाण रेमडेसिव्हिरमुळे फारसे कमी होत नाही, असे त्यांत दिसले, आणि 20 नोव्हेंबर रोजी संघटनेने अशा रुग्णांसाठी ते वापरू नये असा सल्ला दिला. अमेरिकेतील एका चाचणीत बरे होण्याचा काळ सुमारे 15 दिवसांवरून 10 दिवसांवर आल्याचे आढळले होते, त्यामुळे डॉक्टरांमध्ये मतभेद होते हे खरे. मात्र तो मतभेदच वाचकांपर्यंत पोहोचायला हवा होता.

प्रत्यक्षात काय झाले? औषध दुकानांपुढील रांगा, काळा बाजार, जिल्ह्याला आलेल्या कुप्यांची संख्या आणि नेत्यांचे आरोप-प्रत्यारोप यांचे वार्तांकन झाले, आणि ते खोटे नव्हते; केंद्र सरकारला 11 एप्रिल 2021 रोजी निर्यातबंदी करावी लागली इतकी टंचाई खरी होती. रांग डोळ्यांना दिसते, तिचे छायाचित्र निघते आणि संध्याकाळच्या मुदतीत मजकूर तयार होतो. ज्या रुग्णाला प्राणवायू लागलेला नाही त्याच्या चिठ्ठीवर हे इंजेक्शन का लिहिले गेले, हे विचारायला मात्र उपचारपद्धती वाचलेला बातमीदार लागतो, आणि आरोग्य हेच एक काम असलेला बातमीदार जिल्हा आवृत्तीत सहसा नसतो. गुन्हेवार्ता पाहणाराच साथीच्या काळात रुग्णालयाचीही बातमी आणत असे. शिवाय रोजच्या मथळ्याने मागणी आणखी वाढवली, कारण नातेवाइकांनी आग्रह धरला की चिठ्ठी लिहून देणे हे थकलेल्या डॉक्टरलाही समजावत बसण्यापेक्षा सोपे वाटत असे.

डेक्सामेथासोनशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने जून 2020 मध्येच दाखवले होते की व्हेंटिलेटरवरील रुग्णांमधील मृत्यू या औषधाने सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ प्राणवायूवर असलेल्यांमधील सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. हे स्टेरॉइड जुने, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे. त्याच्यासाठी कोणी रांगेत उभे राहिले नाही, म्हणून त्याच्या वाट्याला पहिले पानही फारसे आले नाही.

रेमडेसिव्हिर निरुपयोगी ठरले, असाही अर्थ कृपया काढू नये. आजार सौम्य असतानाच, पण प्रकृती खालावण्याचा धोका अधिक असलेल्या रुग्णांना ते द्यावे, असा सुधारित सल्ला संघटनेने एप्रिल 2022 मध्ये दिला. तुमच्या रुग्णाला ते लिहून देणे योग्य होते की नाही, हे कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगणे उचित होणार नाही.

प्रश्न : साथीतील मृत्यूंचे आकडे एखाद्या दिवशी अचानक फुगत. माध्यमांनी ते तसेच का छापले?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : 16 जून 2020 रोजी राज्याच्या यादीत आधी नोंद न झालेल्या 1,328 मृत्यूंची भर पडली आणि त्यांतील 862 मुंबईतील होते. हे मृत्यू मागील काळातले होते. मात्र 'आज नोंदले' आणि 'आज झाले' यांतील फरक बातमीच्या तळाशी राहिला, तर वाचक मथळ्यावरच विश्वास ठेवणार. सरकारी पत्रक जसेच्या तसे छापण्याची सवय याच्या मुळाशी आहे. ती मोडता येते, हे गुजरातेतील 'संदेश' या दैनिकाने दाखवले : एप्रिल 2021 मध्ये त्याचे बातमीदार रुग्णालयाच्या शवागाराबाहेर आणि स्मशानांमध्ये उभे राहून मृतदेह मोजत होते, आणि त्यांची संख्या अधिकृत आकड्याहून कितीतरी अधिक भरत होती.