वाचकांचे प्रश्न : शर्यत सोडून ताहितीला गेलेला दर्यावर्दी

प्रश्न : मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या शिडाच्या होडीने १९६९मध्ये जिंकलेल्या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत एका फ्रेंच स्पर्धकाने मध्येच वाट बदलली, ती का? आणि झोपल्यावर सुकाणू कोण सांभाळतं?

उत्तर : ते बर्नार म्वातेसिए. २२ ऑगस्ट १९६८ला प्लिमथहून निघाले, ५ फेब्रुवारीला दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न, मागे टाकलं. कमीत कमी वेळाचं ५,००० पौंडांचं बक्षीस आवाक्यात होतं, पण युरोपातल्या गजबजाटात परतणं त्यांना नको झालं. रेडिओ त्यांनी आधीच नाकारला होता. केपटाउनजवळ गलोलीने एका जहाजावर चिठ्ठी भिरकावून निर्णय कळवला आणि जूनमध्ये प्रशांत महासागरातलं ताहिती बेट गाठलं. याला वेडेपणा म्हणणं आम्हाला पटत नाही. त्या शर्यतीत तोल ढळलेला स्पर्धक वेगळाच होता, डोनाल्ड क्रोहर्स्ट.

सुकाणू सांभाळतं वाऱ्याचं पातं. होडी दिशेवरून ढळली की पातं फिरतं आणि सुकाणूच्या मागच्या कडेची छोटी फळी वळवतं. त्या फळीवर पाण्याचा दाब येऊन सुकाणू उलट बाजूला ढकललं जातं. म्हणजे जोर पाण्याचा, पात्याने फक्त खूण करायची. वारा मंद आणि पाठीमागून असेल तर होडीवर जाणवणारा वारा आणखी कमी होतो, पातं सुस्तावतं, होडी भरकटते. म्हणून आधी शिडं जुळवून होडी जवळजवळ आपोआप सरळ चालेल असं करायचं. पात्यावर फक्त बारीकसारीक दुरुस्ती सोडायची.

प्रश्न : पुढे त्यांनी पर्यावरणासाठी नेमकं काय केलं?

उत्तर : अण्वस्त्रांना विरोध केला. प्रशांत महासागरातल्या तुआमोतू द्वीपसमूहात ‘आहे’ नावाच्या प्रवाळबेटावर राहून कुजखताच्या जोरावर भाजीपाला पिकवायचा ध्यास घेतला. प्रवाळाची वाळू म्हणजे निव्वळ चुना. पाणी ठरत नाही आणि लोह असलं तरी मुळांना लागू होत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. नुसतं लोह घालून भागत नाही, पालापाचोळा कुजवून मातीच तयार करावी लागते.

गावोगावी फळझाडं लावा, असा आग्रहही त्यांनी फ्रान्समधल्या महापौरांकडे धरला. कल्पना झकास, पण झाड फुटपाथला लागून लावलं की जांभळाच्या सड्यावरून घसरणारे आणि डाग पडलेल्या गाड्यांचे मालक तक्रार करणारच. मैदानाच्या कडेला लावा, पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घाला आणि फळं उतरवायचं काम कोणाकडे, हे खड्डा खणायच्या आधी ठरवा.